अण्णांना उशापासून उठवू नका, त्यांचं काम बदला

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा. आईचं वय ६६, अंडाशयाचा कॅन्सर. केमो थांबवली, पोटात पाणी होतंय, डॉक्टरांनी "आता घरीच ठेवा" म्हणून सांगितलंय. अण्णा ७२ वर्षांचे, सगळा जन्म कोल्हापुरातल्या उद्यमनगरात लेथवर गेला. दोन महिने झाले, ते आईच्या उशाची खुर्ची सोडत नाहीत. रोज सकाळी स्वतः मटणाची आळणी, म्हणजे बिनतिखटाचं पाणी, करतात, चमच्यानं भरवायला बसतात, आई तोंड फिरवते, ते पुन्हा चमचा पुढं करतात. ती जेवत नाही म्हणून स्वतःही धड जेवत नाहीत. दुखण्यावरच्या मॉर्फिनच्या गोळ्या आणून ठेवल्यात, पण "गुंगीत ती मला ओळखायची नाही" म्हणून देत नाहीत. कधीतरी तिला शब्द दिलाय, दवाखान्यात मरू देणार नाही. आणि अधूनमधून म्हणतात, "ही गेली की माझंबी काय खरं न्हाई." तुम्ही इचलकरंजीहून रोज येऊन-जाऊन करताय, भाऊ पुण्यात. तुमचं मुख्य विचारणं हे की त्यांना तिथून थोडा वेळ तरी कसं उठवायचं.

मी नर्स आहे. २६ वर्षं झाली, त्यातली शेवटची १५ कोल्हापूर शहर आणि आजूबाजूच्या गावांत घरोघरी जाऊन शेवटच्या टप्प्यातले पेशंट बघण्यात गेली. त्यावरून सांगते, उठवायच्या नादाला लागू नका. "अण्णा, जरा आतल्या खोलीत पडा की, आम्ही आहोत" हे तुम्ही काळजीनं बोलता. त्यांच्या कानावर ते "सोडा आता तिला" असं पडतं, आणि मग ते आणखी हट्टाला पेटतात. जन्मभर बाहेर राबलेल्या पुरुषाला घरातलं आजारपण कसं काढायचं हे कुणी शिकवलेलं नसतं. त्याच्या हातात दोनच गोष्टी येतात, खुर्ची आणि चमचा. त्या काढून घेतल्या तर त्याच्याकडं काही उरत नाही. त्यांना दुसरं काम द्या. खरं काम द्या, उगाच गुंतवून ठेवायला दिलेलं नको. सुतात माप धरणाऱ्या माणसाला ते लगेच कळतं.

आपण पन्हाळ्याच्या सावलीत वाढलेली माणसं. शिवा काशीद आणि बाजीप्रभू, १६६० सालची ती पावसातली रात्र, हे शाळेत जायच्या आधीपासून ऐकत आलो. अजून दर पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड चालत जाणाऱ्या पोरांचे जथे निघतात. त्यामुळं निष्ठा म्हटली की आपल्या डोळ्यापुढं उभं राहतं ते अडवून धरणं, मागं न हटणं. आजाराच्या पहिल्या वर्षात हे लागतंच. केमोच्या तारखा, रक्ताच्या बाटल्या, "खा, ताकद येईल" म्हणून केलेली जबरदस्ती, या सगळ्यानं आई इथवर आली असेल. पण आता अडवून धरायला खिंडच राहिलेली नाही, आणि अण्णा अजून तिथंच उभे आहेत.

त्या आळणीबद्दल आधी बोलू, कारण सगळा गुंता तिथं आहे. आपल्याकडं मटण शिजलं की तिखट पडायच्या आधी आळणी बाजूला काढतात. बाळंतिणीला, आजारातून उठलेल्याला, तालमीतल्या पोराला. आळणी पोटात गेली म्हणजे माणूस उभा राहणार, हे आपल्या हाडात मुरलेलं आहे. म्हणून आई तोंड फिरवते तेव्हा अण्णांना वाटतं, हिनं हाय खाल्ली. तसं नसतं. या टप्प्यावर शरीर एकेक काम बंद करत आलेलं असतं, म्हणून भूक जाते. अन्न कमी पडलं म्हणून माणूस चाललाय, असा उलटा हिशोब घरोघरी मांडला जातो आणि घरची माणसं स्वतःला दोष देत बसतात. त्यात आईच्या पोटात पाणी आहे. जठराला फुगायला जागाच नाही, दोन चमच्यांत तिचं पोट गच्च होत असणार. गिळण्याची ताकद कमी झाल्यावर भरवलेला घास श्वासनलिकेत उतरतो. आधी ठसका लागतो, मग ताप येतो, मग छातीत घरघर, आणि नको असलेली दवाखान्याची वारी तिथूनच सुरू होते.

शिवाजी पेठेतले एक मामा होते, जुने पैलवान. कान मोडलेले, हात असे की वाटी त्यात दिसायची नाही. मामींना जठराचा कॅन्सर. मी तिसऱ्यांदा गेले तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. स्वयंपाकघरात वाटीत चमचा वाजला की मामी डोळे मिटून घ्यायच्या. झोप लागलेली नसायची. मामा यायचे, "झोपली वाटतं," म्हणून वाटी धरून बसायचे, आणि मामी तशाच मिटल्या डोळ्यांनी पडून राहायच्या, अर्धा-अर्धा तास. चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा संसार, आणि बाई नवऱ्याची चाहूल लागली की झोपेचं सोंग घेते. का, तर तो चमचा घेऊन येतो.

मी मामांना म्हटलं, "मामा, हात धुऊन या." आळणी गाळली, वरची चरबी काढली, कोमट होऊ दिली. स्वच्छ गॉजचा तुकडा त्यांच्याच बोटाला गुंडाळला, आळणीत बुडवून पिळून घ्यायला लावला. थेंब गळता कामा नये, नुसता ओला हवा. मग आधी ओठांवर, मग हिरड्यांवरून, गालाच्या आतून, शेवटी जिभेच्या टोकाला. घशाकडं जायचं नाही. मामींनी ते बोट लहान पोरागत चोखलं. डोळे उघडले. म्हणाल्या, "मीठ कमी हाय." मामा मटकन खाली बसले. हसत होते की रडत होते ते मी बघितलं नाही, बाहेर जाऊन बीपीचं मशीन पिशवीत भरत बसले. त्यानंतर मामी अकरा दिवस होत्या. त्या दिवसांत मामांनी एकदाही चमचा उचलला नाही, पण आळणी मात्र रोज केली, मीठ नीट घालून.

अण्णांना हेच शिकवा. आळणी बंद करायला सांगू नका. तोंडाची निगा हे या दिवसांतलं सगळ्यात मोठं काम आहे आणि ते कुणीच मन लावून करत नाही. तोंड कोरडं पडणं हे तहानेपेक्षा जास्त छळतं. दर तास-दोन तासांनी ओल्या गॉजनं तोंड पुसायचं, ओठांना साजूक तूप लावायचं. घरात ऑक्सिजन लावलेला असेल तर तूप किंवा व्हॅसलिन नको, तिथं पाण्याचा हात पुरे. जिभेवर दह्यासारखे पांढरे डाग दिसले तर ती बुरशी असते, डॉक्टरांना फोटो पाठवा, थेंब देतील. आई स्वतःहून मागेल ते द्या. एकीनं माझ्याकडं बर्फाचा गोळा मागितला होता, काला-खट्टा. दोन वेळा चाटला आणि पुरे म्हणाली. ज्या दिवशी काहीच मागणार नाही, त्या दिवशी खायला काहीच द्यायचं नाही.

सलाईनचं विचारलंय. शेजारपाजारचे सांगणारच, "एक बाटली तरी चढवा, अशी कशी टाकलीय." शेवटच्या दिवसांत ते पाणी शरीर वापरू शकत नाही. पायावर सूज, पोटातलं पाणी वाढणं, छातीत जास्त घरघर, आणि शीर सापडत नाही म्हणून टोचाटोची. बहुतेक वेळा मी नकोच म्हणते. त्रासदायक उलट्यांनी कोरडी पडलेली बाई वेगळी, ते तुमचे डॉक्टर ठरवतील.

आता मॉर्फिन. अण्णांची भीती मला खोटी वाटत नाही. चाळीस-एक वर्षं संसार केलेल्या बायकोनं आपल्याला ओळखू नये, या भीतीला नावं कशी ठेवणार? पण त्यांना एक विचारा, दुखणं चढतं तेव्हा आई त्यांच्याकडं बघते का? मी बघितलंय, दुखण्यानं पिळून निघालेलं माणूस भिंतीकडं बघतं. गोळी सुरू झाल्यावर पहिले दोन-तीन दिवस झोप जास्त येते. त्यात औषधाचा भाग असतो तसाच साचलेल्या जागरणाचाही असतो, मग पुष्कळांच्या बाबतीत ती उतरते आणि माणूस बोलायला लागतं. डोस डॉक्टरांनी सांगितलेलाच. साधारण लहान मात्रेपासून सुरू करतात आणि साधी गोळी दर चार तासांनी द्यायची असते, घड्याळ बघून. दुखायला लागल्यावर देऊ, असं म्हणायचं नाही. एकदा दुखणं वर चढलं की त्याला खाली आणायला जास्त औषध लागतं. मधेच कळ उठली तर जादा डोस किती, हे आधीच लिहून घ्या. बद्धकोष्ठ हमखास होतं आणि ते गोळ्या चालू असेपर्यंत जात नाही, म्हणून पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून. हे विसरल्यामुळं मॉर्फिनला बदनाम झालेलं मी किती घरांत बघितलंय. श्वास फारच सावकाश झाला किंवा हलवूनही जाग येईना तर पुढची गोळी न देता आधी डॉक्टरांना फोन.

घड्याळ बघून गोळी देण्याची ही रीत रुजवण्यात लंडनच्या सिसिली साँडर्स यांचा मोठा वाटा. आधी नर्स, मग समाजसेविका, मग डॉक्टर झालेल्या बाई. त्यांनी १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटसाठीची जागा, सुरू केलं. मॉर्फिन ज्यातून निघतं त्या अफूची आपल्या देशात शेती होते, औषधासाठी माल बाहेर जातो, आणि आपल्याच पेशंटला गोळी मिळायची नाही अशी वर्षं मी काढलीत. १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा इतका कडक की दुकानदार हातच लावायचे नाहीत. २०१४ साली दुरुस्ती झाली तेव्हा कुठं वाट थोडी मोकळी झाली. तुमच्या घरात गोळ्या येऊन पडल्यात हे मोठं आहे. कपाटात ठेवून त्यांचं काय करायचं?

ही गोळी देण्याचं काम अण्णांचंच. एक शंभर पानी वही आणा. रकाने त्यांनाच पाडू द्या, लेथवरच्या माणसाला पट्टी लागते आणि ती त्याच्या हातात असली की त्याचा जीव थाऱ्यावर येतो. वेळ, कुठली गोळी, दुखणं शून्य ते दहा यातलं किती, कुठल्या कुशीवर वळवलं, लघवी, शौच. दुखण्याचा आकडा आईनं सांगायचा, अण्णांनी ठरवायचा नाही. चार दिवसांनी डॉक्टर ती वही बघून डोस बदलतील आणि अण्णांना कळेल की आपल्या लिहिण्यानं काहीतरी हललं. दर दोन तासांनी कूस बदलायची. माकडहाड, टाचा, खुब्याची हाडं रोज बघायची, लाल डाग दाबून पांढरा होत नसेल तर ती जखमेची सुरुवात. हवेची गादी भाड्यानं मिळते. कूस बदलायला दोन माणसं लागतात. चादरीसकट सरकवायचं, काखेत हात घालून ओढायचं नाही. इथं तुम्ही आपोआप आत येता, अण्णांचा हातभार म्हणून. त्यांना बाजूला करून नव्हे. रात्री एक ते पाच तुमची किंवा भावाची पाळी, अण्णांची खाट आईच्या खाटेला लावून. खोली सोडायची नाही, फक्त आडवं व्हायचं. हे ते कबूल करतात, माझा अनुभव आहे.

जेवणाचंही तसंच. स्वयंपाकघरात बोलवू नका, ताट त्याच खोलीत न्या. आणि सांगायचं आईनं. "तुमी जेवा, मी बघते" एवढं ती म्हणाली की बास. तिलाही या घरात अजून काहीतरी करायचं उरलंय, हे तिला कळू द्या. त्यांच्या स्वतःच्या बीपी-शुगरच्या गोळ्या चालू आहेत का बघा. अशा घरांत पहिल्यांदा बंद पडतात त्या याच.

शब्दाबद्दल. "दवाखान्यात मरू देणार नाही" असा शब्द देणारी माणसं मला सारखी भेटतात, आणि बऱ्याचदा तो शब्द दिला तेव्हा काय डोळ्यापुढं होतं हे दोघांनीही बोललेलं नसतं. आईला नेमकं काय नको आहे? नळ्या? काचेपलीकडं राहणारी माणसं? की एकटं पडणं? विचारा. रक्तस्राव झाला, श्वास लागला, घरी आवरेना, तर काही तासांसाठी न्यावंही लागेल. मग अण्णा जन्मभर "मी शब्द मोडला" म्हणत बसतील. आत्ताच, आई बोलतेय तोवर, तिच्यासमोर शब्द नीट करून घ्या. अण्णा कायम शेजारी असतील, व्हेंटिलेटरवर ठेवायचं नाही, दुखू द्यायचं नाही. इतकं पाळता येतं. हे कागदावर लिहून डॉक्टरांच्या फाइलला लावा. सुप्रीम कोर्टानं ९ मार्च २०१८ च्या निकालात असं आधी लिहून ठेवायचा हक्क मान्य केलाय, आणि २४ जानेवारी २०२३ ला रीत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते. पूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांकडं जावं लागायचं, कोण जाणार? घरीच ठेवायचं ठरलं असेल तर घाबरून अॅम्ब्युलन्स बोलवायच्या आधी कुणाला फोन करायचा, तो नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात चिकटवा. मध्यरात्री मोबाइलमध्ये नाव सापडत नाही.

तुम्ही लिहिलंय, "आईला अजून सांगितलेलं नाही." ताई, तिला माहीत आहे. कागलकडच्या एका गावात मी एका बाईचे केस धूत होते. खाटेच्या कडेला डोकं घेऊन, खाली घमेलं, मग्गानं कोमट पाणी. केमोनंतर परत आलेले बोटभर केस. नवरा परड्यात म्हशीला वैरण टाकत होता, तेवढा वेळ साधून ती म्हणाली, "बाई, ह्यास्नी सांगू नका मला ठावं हाय म्हणून. खचतील." नवऱ्यानं आदल्याच आठवड्यात मला फाटकापाशी गाठून हेच, याच शब्दांत सांगितलं होतं, तिला सांगू नका म्हणून. दोघं एकमेकांना सांभाळत होते आणि मधे मी घमेलं धरून. मी कुणाचंच गुपित फोडलं नाही. नवरा आत आल्यावर एवढंच म्हटलं, "वहिनींना काहीतरी बोलायचंय, मी जरा म्हैस बघून येते." म्हशीतलं मला काही कळत नाही. अर्धा तास उभी होते. परत आले तर दोघं जमिनीची वाटणी आणि पोरीच्या लग्नातल्या दागिन्यांचं बोलत होते. तुमच्या घरीही असा अर्धा तास लागेल. अण्णांना एवढंच सांगा की ती विचारेल तेव्हा खोटं बोलू नका.

"माझंबी काय खरं न्हाई" हे कानाआड करू नका. त्यात बऱ्याचदा नुसतं दुःख असतं. पण १९६९ साली ब्रिटनमध्ये ५४ वर्षांपुढच्या ४,४८६ विधुरांची पाहणी छापून आली होती. बायको गेल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण अपेक्षेपेक्षा ४० टक्के जास्त निघालं, आणि त्यात हृदयाचे आजार बरेच होते. म्हणजे बीपीची गोळी चुकवणं इथं जिवावर बेततं. दुसरी शक्यता त्याहून अवघड आहे, ती सरळ विचारायची. "अण्णा, स्वतःच्या जिवाचं काही करायचं मनात येतं का?" विचारल्यानं डोक्यात भरत नाही, उलट माणूस मोकळं होतं. "हो" म्हणाले, किंवा गप्प राहिले, तर मॉर्फिनचं पाकीट तुमच्या ताब्यात, कुलपात, रोज मोजून, आणि लागेल तेवढीच गोळी त्यांच्या हातात. शेतावरची औषधं घरात असतील तर तीही हलवा. अण्णांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीत बोलतात.

आता एक टोचणारं बोलते, राग धरू नका. गल्लीत अण्णांचं कौतुक चाललंय असं तुम्ही लिहिलंय, "असा नवरा मिळायला नशीब लागतं." खरंच चांगले आहेत. पण मी ज्या घरांत जाते त्यांतल्या बहुतेक घरांत हेच सगळं बाई करत असते, हागणं-मुतणं काढण्यापासून, आणि तिचं कौतुक करायला कुणी येत नाही, कारण ते तिचं कामच. नवरा गेला की मात्र सगळे येतात, बांगड्या फोडायला. शिरोळ तालुक्यात एका घरी मी ते डोळ्यांनी बघितलंय. आठ महिने जिनं झोप घेतली नाही तिच्या मनगटातून रक्त काढलं. म्हणून त्याच तालुक्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामसभेनं ४ मे २०२२ ला कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं बंद करायचा ठराव केला तेव्हा मला कोण आनंद झाला. शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं वर्ष होतं ते. १७ मे ला सरकारनं तसं परिपत्रक काढून इतर गावांनाही आवाहन केलं. परिपत्रकानं रीत जात नाही, पण त्यानंतर दोन-तीन घरांत मी हा विषय आधीच काढून ठेवू शकले, पेशंटच्याच तोंडून. एका काकांनी शेवटच्या आठवड्यात भावांना बोलावून सांगितलं, हिच्या हाताला कुणी हात लावायचा नाही. ऐकलं भावांनी.

शेवटचे दिवस ओळखायचे कसे, ते अण्णांना आधी सांगून ठेवा, नाहीतर प्रत्येक बदलाला ते घाबरतील. झोप वाढत जाते, दिवसातले वीस-बावीस तास. लघवी कमी आणि गडद. हात-पाय गार, गुडघ्यांवर जांभळट नक्षी. श्वास भराभर चालतो, मग थांबतो, मोजत बसावं इतका थांबतो, परत सुरू होतो. घशात घरघर येते. ऐकणाऱ्याचा जीव जातो, पण तिला त्याचा त्रास होत नसतो, कुशीवर वळवलं की बऱ्याचदा कमी होते. डॉक्टर इंजेक्शनही देतात. काही जण गेलेल्या माणसांशी बोलतात, "आई आलीय बघ दारात." वाद घालू नका. ऐकू येणं बऱ्याच उशिरापर्यंत टिकतं, म्हणून खोलीत हिशोब, भांडणं, "अजून किती वेळ" हे नको. अण्णा फारसं बोलणाऱ्यातले नसतील. नसू देत. रोजचा पेपर मोठ्यानं वाचला तरी चालेल, त्यांचा आवाज पाहिजे.

आणि एक गोष्ट, जी मी प्रत्येक घरात सांगते. महिनोन्महिने उशाशी बसलेलं माणूस चहाला किंवा बाथरूमला म्हणून उठतं आणि नेमक्या त्या पाच मिनिटांत पेशंट जातो. इतक्या वेळा बघितलंय की आता मला त्याचं नवल वाटत नाही. काहींना जवळचं माणूस समोर असताना सुटता येत नाही, असं आम्ही नर्सा आपापसांत म्हणतो. सिद्ध कुणी केलेलं नाही. पण अण्णांच्या कानावर हे आधी घाला. "असं झालं तर तुमचं चुकलं असं नाही" हे नंतर सांगून उपयोग नसतो, त्या वेळी माणूस ऐकायच्या पलीकडं असतं.

गेल्यावर घाई नको. पंख्याखाली तासभर बसा. घरी बघायला येणाऱ्या डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला घ्या, घरी झालेल्या मृत्यूला फॉर्म ४-अ असतो, आणि नोंद २१ दिवसांत. पंचगंगेवर महापालिका विनामूल्य दहन करते, शेणींवर, म्हणजे गोवऱ्यांवर. त्या शेणीही लोकांनी दान दिलेल्या असतात. आंघोळ घालताना अण्णांना हात लावू द्या, "पुरुषांनी बाहेर थांबा" म्हणणारी कुणीतरी असतेच, तिला तुम्ही आवरा. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन, मग दहावं, बारावं. तोवर घर भरलेलं असतं. माणसं पांगतात तेराव्या दिवशी, आणि तुम्हाला रजा काढायची असेल तर तेव्हा काढा, आधी नको.

शिवाजी पेठेतल्या त्या मामांकडं मी महिन्यानं गेले होते, हवेची गादी परत न्यायला. बोलत बसलो असताना त्यांच्या मोबाइलचा अलार्म वाजला. कूस बदलायचा, दर दोन तासांचा. थोरला म्हणाला, "आबा, बंद करू का तो कायमचा? रातभर वाजतोय." मामा म्हणाले, "असू दे." उठले, तिच्या खाटेची चादर हातानं सारखी केली, आणि मला म्हणाले, "बसा की, च्या टाकतो."